काचेमागची माणसं

भिंगरीची बॅग आईनं, म्हणजे भिंगरीच्या आजीनं, भरली आणि घराखालच्या बालअभ्यास केंद्राच्या व्हरांड्यातल्या बाकावर अगदी मधोमध ठेवली. बाकाच्या एका टोकाला दादा आणि वहिनी बसले होते, दुसऱ्या टोकाला मधली बहीण. बॅग जराशी एका अंगाला कललेली दिसली असती तर कुणीतरी त्याचा अर्थ लावला असता. या घरात अर्थ लागल्याशिवाय काहीच कलत नसे.

दुपारच्या जेवणाआधी ठरायचं होतं, की ही बॅग कुणाच्या घरी जाणार.

धाकटी बहीण गेल्याला आता वर्ष होत आलं होतं. तिची चार वर्षांची मुलगी तेव्हापासून वरच्या मजल्यावर आजीआजोबांजवळ होती. पण आजोबांना जिना चढताना मध्येच थांबावं लागत होतं, आजीचे गुडघे बोलायला लागले होते, आणि मुलीला कायमचं घर हवं होतं. बाप तिच्या जन्माआधीच या कुटुंबातून उठून गेला होता. तो अध्याय केव्हाच मिटला होता. राहिली दोन घरं. दादाचं, जिथं सकाळी घड्याळ न बघता कुठली बस गेली ते सांगता येईल इतकी शिस्त होती. आणि मधलीचं, नाट्यगृहामागच्या दोन खोल्या, जिथं कपबशीखाली कपबशी असेलच अशी खात्री नव्हती.

"मी शेवटचं सांगतो," दादा म्हणाला. तो लहान मुलांचे दात बघायचा आणि रागावला तरी आवाज दवाखान्यातलाच ठेवायचा. "माझा तुझ्यावर आक्षेप नाही. तुझ्या कामावर आहे. तू दिवे लावतेस."

"प्रकाशयोजना करते."

"तेच. शिडीवर चढून. आणि परवा तिलाही नेलं होतंस. त्या वायरींच्या जंजाळात!"

"ती पहिल्या रांगेत बसली होती. तालीम बघत होती."

"चार वर्षांची मुलगी तालीम बघते?"

"तुझ्याकडं आली की ती काय बघते? दाढा?"

वहिनीला हसू आलं. तिनं ते रुमालात घेतलं. मधलीनं ते टिपून ठेवलं आणि लगेच स्वतःला दटावलं. टिपून ठेवायची सवय तिला बापाकडून आली होती आणि तिला ती आवडत नव्हती.

बापाला घरात सगळे 'सर' म्हणत. केंद्रातले विद्यार्थी म्हणत म्हणून मुलं म्हणायला लागली, आणि बाबा म्हणायचं राहूनच गेलं. सरांनी सारं आयुष्य मूल मोठं कसं होतं हे बघण्यात घालवलं. तळमजल्यावरचं हे बालअभ्यास केंद्र त्यांचं, आता वहिनी चालवायची. ती त्यांचीच विद्यार्थिनी. सरांचं एक जाडजूड पुस्तक होतं, आणि त्यात स्वतःची तीन मुलं होती. मूल जन्मतःच आपला एक स्वभाव घेऊन येतं, असं त्यात म्हटलं होतं. एक मूल सोपं: वेळेवर जेवतं, वेळेवर झोपतं, नवा माणूस दिसला की हसतं. एक अवघड: सगळ्यालाच आधी नाही म्हणतं आणि मग मोठ्यानं नाही म्हणतं. एक सावकाश: बाजूला उभं राहून बघतं, आणि बऱ्याच वेळानं येतं. पुस्तकात नावं नव्हती. घरात नावांची गरज नव्हती. दादा सोपा, मधली अवघड, धाकटी सावकाश. पाहुण्यांनासुद्धा ठाऊक होतं.

मधलीला आपण अवघड का ठरलो, याची एक गोष्ट लहानपणापासून ऐकवली जायची. सरांनी तिच्यासमोर बुटक्या पेल्यातलं दूध उंच पेल्यात ओतलं आणि विचारलं, "आता दूध जास्त झालं, की तेवढंच आहे?" तिच्या वयाची सगळी मुलं उंच पेल्याकडे बोट दाखवून 'जास्त' म्हणतात. मधली म्हणाली होती, "तुम्हीच ओतलंत ना? मग तुम्हालाच ठाऊक." ही गोष्ट सांगताना सर दरवेळी हसत. मधलीला त्यात कौतुक किती आणि निकाल किती, हे अजून उमगलेलं नव्हतं.

जिन्यावर काठी वाजली. सर आईचा हात धरून उतरत होते. मागून भिंगरी, एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत. नाव ठेवलं तेव्हा ती खरोखरच भिंगरी होती. धाकटी गेल्यापासून ती जिथं ठेवाल तिथं बसायची, द्याल ते खायची. एकदाही रडली नव्हती.

"माझ्या डोक्यात एक आहे," सर म्हणाले. "वाद घालून काही निघत नाही. आपण काचेतून बघू."

दुसऱ्या कुठल्याही घरात हे ऐकून माणसं चक्रावली असती. इथं पंखा घेतानाही आधी आवाज ऐकून कुणाची झोप मोडते ते बघितलं जाई. दादा तर सुटल्यासारखा दिसला.

"काय बघणार?" आईनं विचारलं.

"ती कुणाजवळ खेळते. तो माणूस उठून गेला की काय करते. आणि महत्त्वाचं म्हणजे, तो परत आल्यावर काय करते. मूल कळतं ते माणूस निघताना नाही, परतताना. प्रत्येकाला एकदा आत पाठवू."

"अहो, ती परीक्षा नुकती चालायला लागलेल्या बाळांची आहे. ही चार वर्षांची आहे. चार वर्षांचं मूल म्हणजे दुसरंच प्रकरण असतं, हे तुम्हीच मला शिकवलंत."

"तत्त्व तेच आहे."

"तत्त्व तेच असेल. मुलगी ती नाही." पण आई एवढं बोलून गप्प झाली. तिला दादाचं घर हवं होतं. तिथं डबा वेळेवर मिळाला असता.

खेळघर आणि काचखोली या दोन लगतच्या खोल्या. मधल्या भिंतीत मोठी काच. खेळघराला खिडकी नव्हती. छताला एक लख्ख दिवा होता, आणि त्या उजेडात काचेत मुलांना फक्त आरसा दिसायचा. पलीकडे काचखोलीत अंधार, खुर्च्यांची एक रांग, भिंतीवर एक लहानसा स्पीकर. या अंधारात बसून सरांनी किती मुलं मोठी होताना पाहिली असतील! नियम एकच होता: आत आलं की दार लावायचं. व्हरांड्यातला उजेड आत आला की काच फितूर होते, असं ते म्हणत. मधली लहानपणी दार उघडं टाकायची आणि बोलणी खायची.

पहिला दादा गेला.

खरं सांगायचं तर तो छान खेळला. जमिनीवर मांडी घालून बसला, ठोकळ्यांचा पूल केला, बाहुलीचे दात तपासले. भिंगरीनं प्रत्येक ठोकळा त्याच्या हातात दिला. मग ठरल्याप्रमाणे तो उठला. "मी जरा जाऊन येतो हं."

"बरं मामा," स्पीकरमधून आवाज आला.

तो काचखोलीत येऊन बसेपर्यंत भिंगरी जागची हलली नाही. तिनं ठोकळे रंगांप्रमाणे लावले. सरांना मध्येच खोकला आला. त्यांनी तो दाबला, पण भिंगरीनं मान उचलून आरशाकडं पाहिलं. नुसतं पाहिलं, आणि पुन्हा ठोकळ्यांत गेली. दादा परत आत गेला तेव्हा ती म्हणाली, "आलास? हे बघ, मी आवरून ठेवलं."

"किती शहाणी," आई पुटपुटली. "नाही रडली, नाही काही. बघितलंत?"

मधलीनं बघितलं होतं. हे सोपं होतं. हे त्या पुस्तकातल्यासारखं होतं.

दादा येऊन बसला. अंधारात त्याचा चेहरा दिसत नव्हता, पण तो खूश असणार असं सगळ्यांनी धरलं. बोलली ती वहिनी.

"ती आपल्याकडं पाहुण्यासारखी वागली रे."

"म्हणजे?"

"म्हणजे पाहुणे कसे कपबशी स्वतः उचलून मोरीत नेऊन ठेवतात, तशी. चांगलं वागलं की लोक ठेवून घेतात, असं तिला वाटत असेल."

"काहीतरीच," आई म्हणाली. "हासुद्धा लहानपणी अस्साच होता."

"हो," दादा म्हणाला. मग दवाखान्यातला नव्हे अशा आवाजात बोलला, "होतो खरा. सोप्या मुलाला काय हवंय, हे विचारायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. त्यालाही सवय होते."

सरांनी त्याच्याकडे मान वळवली. काठी त्यांच्या गुडघ्यावरून घसरून पडली आणि कुणी ती उचलली नाही.

"आता तू," ते मधलीला म्हणाले.

खेळघरात गेल्यावर मधलीला काय करावं सुचेना. तिला मुलांशी खेळता येत नसे. तिनं ठोकळ्यांची एक भिंत रचली आणि खिशातली विजेरी काढून भिंतीमागे धरली. त्या लख्ख उजेडातही पुसट सावल्या छतापर्यंत गेल्या.

"लांब," भिंगरी म्हणाली.

"घे ही विजेरी, जवळ आण. बघ काय होतं."

सावली वाढत गेली. भिंगरीनं विजेरी मागे नेली, पुढे आणली, पुन्हा मागे. तोंडानं काही बोलली नाही. तिच्या कपाळावर एक बारीक आठी पडली होती. धाकटीला काही नवं दिसलं की पडायची तीच. माणूस जातो आणि त्याच्या कपाळावरची आठी दुसऱ्या कपाळावर राहायला येते. मधली त्या आठीकडं बघत राहिली आणि बाहेर जायचं विसरून गेली. शेवटी दारावर बाहेरून हळूच टकटक झालं.

"भिंगरे, मी जरा बाहेर जाऊन येते."

या वेळी 'बरं' आलं नाही. भिंगरीनं विजेरी बंद केली. "कुठं?"

"इथंच."

"इथंच म्हणजे कुठं?"

मधलीला खोटं बोलता आलं नाही आणि खरं बोलायची परवानगी नव्हती. ती तशीच बाहेर पडली. काचखोलीच्या दारापर्यंत आली, दार उघडलं, आणि उंबऱ्यावरच थांबली. आत जाऊन त्या रांगेत बसणं तिला जमेना. व्हरांड्यातलं ऊन तिच्या पाठीवरून आत सांडलं.

"दार लाव," सर म्हणाले, सवयीनं.

"थांबा, काहीतरी चाललंय," वहिनी म्हणाली.

काचेपलीकडं भिंगरी उभी होती. ती दाराकडं गेली नाही. हाक मारली नाही. आरशासमोर आली आणि त्यात बघू लागली.

"स्वतःला न्याहाळतेय," आई म्हणाली.

"नाही," वहिनी म्हणाली. "स्वतःकडं बघत नाहीये. नजर बघा. ती पार बघायचा प्रयत्न करतेय."

भिंगरीनं दोन्ही हात डोळ्यांच्या कडेला धरून नाक काचेला टेकवलं. मग मागे सरली. वर छताकडं पाहिलं. कपाळावर आठी. खोलीच्या कोपऱ्यात एक लाकडी स्टूल होतं. ती गेली आणि ते ओढू लागली.

"दाराची कडी काढणार," दादा म्हणाला आणि अर्धा उठला.

स्टूल दारापाशी थांबलं नाही. दारावरून पुढे सरकत ते भिंतीशी गेलं, जिथं दिव्याचं बटण होतं. भिंगरी स्टुलावर गुडघा टेकवून चढली, सरळ झाली. तिनं मान वळवून एकदा काचेकडं बघितलं, एकदा दिव्याकडं. डोक्यात एखादं वाक्य जुळवावं तसं. आणि मधलीला एकदम कळलं. त्या तालमीत तिनं जाळीचा पडदा सोडला होता. समोरून उजेड टाकला की तो भिंतीसारखा दिसतो. समोरचा दिवा घालवून मागचा लावला की भिंत विरघळते आणि मागची माणसं दिसू लागतात. पहिल्या रांगेत बसलेल्या पोरीनं तेवढं एकदा पाहिलं होतं. कुणी समजावून सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.

बटण खट्‌ झालं. खेळघर काळोखात गेलं.

आणि काच फितूर झाली. त्या काळोखातून एका चार वर्षांच्या मुलीला पहिल्यांदा दिसली खुर्च्यांची एक रांग, तिच्यात बसलेली तिची सगळी माणसं, आणि त्यांच्यामागं दारात, उन्हात, तिची मावशी.



अंधारात पावलं वाजली. काचेवर एक लहानसा तळहात टेकला. काचखोलीतून तेवढाच फिकट दिसत होता. स्पीकरमधून आवाज आला, अगदी जवळून.

"आजोबा. आजी. मामी. मामा." प्रत्येकाला नीट ओळखून झाल्यावर: "मावशी, सापडलीस." आणि मग, खरोखरच जाणून घ्यायचं होतं म्हणून, "तुम्ही सगळे अंधारात का बसलात?"

सर उठून उभे राहिले. काठी जमिनीवरच होती. ते खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते, एखादी फार मोठी व्यक्ती खोलीत यावी आणि बसून राहणं बरं दिसू नये, तसे.

"मी आयुष्यभर इथं बसलो," ते हळू म्हणाले. "या काचेतून मला कधी कुणी पाहिलं नव्हतं." त्यांचा चेहरा दुखावलेला नव्हता. तो एखाद्या पोराचा झाला होता. "तिनं एका गोष्टीवरून दुसरी काढली. आतल्या आत. आपण इथं बसलोय आणि तिनं काढली. केव्हा काढली ते कुणाला दिसलं? आपल्या डोळ्यांदेखत घडलं आणि दिसलं नाही. मी म्हणायचो, मी बघतो. मी दाराबाहेर बसलो होतो नुसता."

"मी आत जाते," मधली म्हणाली. विचारलं नाही.

तिनं काचखोलीचं दार उघडंच टाकलं. खेळघरात शिरली तेव्हा काचेतून येणाऱ्या अंधुक उजेडात भिंगरी अजून उभी होती. मधली तिच्याशेजारी जमिनीवर बसली. दोघींनी पलीकडच्या माणसांकडं बघितलं. ती माणसं किती लहान दिसत होती! आई पदराशी चाळा करत होती. दादा काही न करता बसला होता, आणि तो काही न करता बसलेला मधलीनं उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

"पडद्यासारखंच आहे," भिंगरी म्हणाली.

"हो. तस्संच."

"आजोबा खोकले. तेव्हाच मला कळलं, मागे कुणीतरी असतं."

"मला तर तुझ्याएवढी असताना कळलं नव्हतं."

भिंगरी विचार करत होती. तिच्या विचाराचा जणू आवाज येत होता. तिनं मधलीच्या बाहीची कड धरली.

"मावशी, आई दिसायला कुठला दिवा घालवायचा?"

काचेपलीकडं सगळ्यांनी ते ऐकलं. त्या घरात या प्रश्नाला उत्तरं होती. कुठल्या वयाचं मूल मरणाला काय समजतं, ते गेलेल्याची वाट का बघतं, त्याला काय सांगावं आणि किती सांगावं, हे सरांनी शिकवलं होतं आणि वहिनी शिकवत होती. मधलीला त्यातलं अर्धंमुर्धं ठाऊक होतं. या क्षणी तिनं ते सगळं बाजूला ठेवलं.

"तसा दिवा नाही, भिंगरे," ती म्हणाली. "मीपण खूप शोधला. ती कशाच्या मागे नाही. ती गेली. पुन्हा येत नाही."

"खोकली तर?"

"नाही खोकणार."

भिंगरीनं ते ऐकून घेतलं. मग तिनं जमिनीवर पडलेली विजेरी उचलून आपटली. मग मधलीच्या दंडावर मूठ मारली, पुन्हा मारली, जोरात, आणि मग इतके दिवस कुठं ठेवलं होतं कोण जाणे, असं एक रडणं तिच्यातून बाहेर आलं. लहान मुलीच्या मानानं ते फार मोठं होतं. मधलीनं तिला उगी-उगी म्हटलं नाही. तिनं तिला मांडीवर ओढलं, आणि ती पाय झाडत, मारत, पदर नसलेल्या अंगात पदर शोधत तिथंच घट्ट धरून राहिली.

मधलीनं मान वर केली. काचेत सरांचा चेहरा होता. आयुष्यभर ज्या क्षणाची ते वाट बघत बसत, तो हाच. मूल कुणाजवळ आणि कसं रडतं. त्यांनी तिच्याकडं बघितलं. मग मागे वळून काहीतरी म्हणाले. स्पीकरचा बारीकसा घुरघुराट थांबला. उजेडाची चौकट अरुंद होत गेली आणि मिटली. कुणीतरी दार लावलं होतं, पण या वेळी सगळे बाहेर जाऊन.

आता दोन्हीकडं अंधार होता. काचेत आरसाही नव्हता आणि खिडकीही नव्हती. मधलीला आठवत होतं तेव्हापासून पहिल्यांदाच या खोलीत कुणी कुणाला बघत नव्हतं.

दोघी बाहेर आल्या तेव्हा भिंगरीचे डोळे सुजले होते आणि तिला भूक लागली होती. व्हरांड्यात आई नव्हती. वर भांडी वाजत होती. वहिनी भिंतीला टेकून डोळे पुसत होती आणि पुसत नसल्यासारखं करत होती. सर जिन्याच्या पायरीवर बसले होते.

"सर," मधली म्हणाली, "मी अवघड आहे. हिलाही जड जाईल. मला माहीत आहे."

सरांनी भिंगरीकडं पाहिलं. मग तिच्याकडं. "तुझ्या त्या दुधाच्या पेल्याचं," ते म्हणाले. "ते उत्तर बरोबर होतं. मीच ओतलं होतं. मला ठाऊकच होतं. मग मी तुला कशाला विचारत होतो, असंच तू विचारलं होतंस. मला ते कळायला इतकी वर्षं लागली."

बाकावर बॅग नव्हती. मधलीनं इकडं तिकडं पाहिलं. व्हरांड्याच्या टोकाला, फाटकापाशी, दादा तिच्या स्कूटरवर वाकून उभा होता. बॅगेचा पट्टा त्यानं मागच्या कॅरिअरला बांधला होता, डॉक्टरी गाठ मारून, आणि आता ओढून बघत होता की नीट बसली की नाही.

"स्कूटर मी हळूहळू आणतो," तो वळून न बघता म्हणाला. "तुम्ही दोघी वहिनीबरोबर गाडीतून या. आणि हे बघ."

"काय?"

"पुढच्या तालमीला मलाही ने. मला तो पडदा बघायचाय."